गुरुजींचा संगणक आणि हरवलेला अनुस्वार: जुन्या घरगुती संगणकाला स्वस्त ग्राफिक्स कार्ड बसवण्याचे एक प्रकरण

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरचा संगणक मी २०२३ च्या एप्रिल महिन्यात तपासला. तो २०१२ मध्ये घेतलेला होता. परिसरात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी मुद्रितशोधन करतात. पुस्तकांची मुद्रिते त्यांच्याकडे पीडीएफच्या रूपात येतात. ती ते पडद्यावर ओळ न् ओळ वाचतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या, अनुस्वाराच्या, जोडाक्षरांच्या चुका नोंदवून परत पाठवतात. दुपारनंतर त्याच संगणकावर त्यांची नात बारावीच्या अभ्यासाची व्याख्याने पाहते. या दोन कामांपलीकडे त्या संगणकाकडून घराची काहीही अपेक्षा नव्हती. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत वहीत लिहून ठेवली, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच अवलंबून राहणार होते.

तक्रारी दोन होत्या. गुरुजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर पुण्यातील मुलाने त्यांच्यासाठी २७ इंची नवा मॉनिटर पाठवला होता. त्याचे रिझोल्यूशन २५६० बाय १४४० होते आणि मागच्या बाजूला एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट अशा दोनच प्रकारच्या जोडण्या होत्या. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी होती. त्यामुळे कोणीतरी व्हीजीएचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी एक लहान डबी मध्ये लावून दिली होती. पडदा उजळला, पण गुरुजींच्याच शब्दांत सांगायचे तर, "अक्षर मोठं झालं, पण अनुस्वार हरवला." नातीची तक्रार वेगळी होती. व्याख्यानाचा आवाज पुढे जात असे आणि चित्र मागे अडकत असे. चित्राची प्रत कमी केली की अडकणे थांबे, मात्र मग फळ्यावरची समीकरणे वाचता येत नसत.

माझ्याआधी दोन जाणकारांचा सल्ला घेऊन झाला होता. एकाने संपूर्ण संगणक बदलायला सांगितले होते. दुसऱ्याने "चार जीबीचे कार्ड टाका" असे सांगितले होते आणि त्यासाठी एका जुन्या, वापरलेल्या कार्डाचा भावही दिला होता. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारे वेगळे कार्ड, जीबीवर मोजण्याची ही सवय आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. कार्डावर किती मेमरी आहे यावरून ते कोणते काम करू शकते हे कळत नाही, आणि या घराला तर त्या मेमरीचा फारसा उपयोगही नव्हता. म्हणून तो भाव बाजूला ठेवून मी आधी संगणक उघडला.

तपासणीत जे आढळले

प्रोसेसर इंटेलचा कोअर आय३-२१२० होता: दोन कोअर, ३.३ गिगाहर्ट्‌झ, आणि आतच बसवलेले एचडी २००० हे ग्राफिक्स. मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, रॅम चार जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबीची. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट मोकळा होता आणि कॅबिनेट नेहमीच्या उंचीचे असल्यामुळे कार्डाच्या पट्टीची अडचण येणार नव्हती. बँका आणि कार्यालयांतून निघालेल्या बारीक कॅबिनेटांत अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. ज्यांच्याकडे तसा संगणक असेल त्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी, कारण कार्ड घरी आणल्यावर ती कळण्यात काही अर्थ नसतो.

अनुस्वार का हरवत होता, याचे उत्तर गणितात होते. नव्या पडद्यावर आडवे २५६० ठिपके आहेत. ती डबी मात्र १९२० बाय १०८० एवढेच चित्र देत होती आणि मॉनिटर ते ताणून स्वतःच्या मापाचे करत होता. १९२० चे २५६० करायचे म्हणजे प्रत्येक ठिपका एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपक्यांवर पसरवायचा. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत करडा रंग मिसळून ती तूट भरून काढतो. मोठ्या रेषेला याने फारसा फरक पडत नाही. पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर जे काही असते, म्हणजे अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांटीचे टोक, ते सगळे लहान आकारात दोन-तीन ठिपक्यांतच काढलेले असते. ते दोन-तीन ठिपके करड्या धुक्यात मिसळले की 'घरात' आणि 'घरांत' यांच्यातला फरक डोळ्याला दिसेनासा होतो. त्यात व्हीजीए हा अॅनालॉग मार्ग असल्यामुळे संगणकातले अंकीय चित्र आधी विद्युत लहरींत बदलत होते आणि डबीत पुन्हा अंकीय होत होते. या दुहेरी भाषांतरात अक्षराच्या कडा आणखी बोथट होत होत्या. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला हा दोष कदाचित सोसवला असता. मुद्रिते तपासणाऱ्या मराठी माणसाला तो सोसवणे शक्य नव्हते.

व्याख्यान अडकण्याचे कारणही ग्राफिक्समध्येच होते, पण ते दुसऱ्या प्रकारचे होते. यूट्यूबवरचे चित्र दाबून लहान केलेल्या स्वरूपात येते आणि ते उलगडण्याचे काम संगणकाला करावे लागते. एचडी २००० च्या आत एच.२६४ या जुन्या पद्धतीचे चित्र उलगडणारा स्वतंत्र भाग आहे. व्हीपी९ या पुढच्या पद्धतीसाठी मात्र तसा भाग नाही. तेव्हा ब्राउझर आणि यूट्यूब यांच्यात बहुतेक वेळा व्हीपी९ चाच व्यवहार ठरत असे. परिणामी ते सगळे काम दोन कोअरच्या प्रोसेसरच्या अंगावर येत होते. चालू व्हिडिओवर उजवी कळ दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्‌स' उघडले की चित्र कोणत्या पद्धतीने येत आहे आणि किती चौकटी (फ्रेम) गळत आहेत हे तिथल्या तिथे दिसते. नातीसमोर मी ते उघडून दाखवले. गळालेल्या चौकटींचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला होता.

म्हणजे दोन्ही तक्रारींचे मूळ त्या अंगभूत ग्राफिक्सच्या मर्यादेत होते, आणि म्हणूनच येथे कार्ड हा योग्य उपाय ठरत होता. हे मी मुद्दाम नोंदवतो. संगणक चालू व्हायला वेळ लागतो, फाइल उघडायला वेळ लागतो, एवढीच तक्रार असती तर मी कार्डाचा विचारही केला नसता. त्या दुखण्यावर एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठवण) आणि रॅम हे औषध आहे आणि कार्डाने त्यात तसूभरही फरक पडत नाही.

कोणते कार्ड

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारी नवी कार्डे तेव्हा एनव्हिडिया कंपनीची जीटी ७१० आणि जीटी ७३० ही होती. सीताबर्डीच्या दुकानांत विचारले की पहिल्यांदा हीच पुढे केली जात. जीटी ७१० केवळ १९ वॅट वीज घेते आणि त्याला एचडीएमआय असते, त्यामुळे गुरुजींची तक्रार कदाचित त्याने भागली असती. पण ते केप्लर या २०१२ च्या रचनेवर आधारलेले आहे आणि त्यात व्हीपी९ उलगडण्याची सोय नाही. नातीची तक्रार जशीच्या तशी राहिली असती. शिवाय केप्लर कार्डांना नव्या ड्रायव्हर मालिका मिळणे २०२१ मध्येच थांबले होते. जीटी ७३० बद्दल आणखी एक सावधगिरी हवी. या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी कार्डे विकली गेली आहेत: काहींत ९६ कोअरची त्याहूनही जुनी फर्मी चिप आहे, काहींत ३८४ कोअरची केप्लर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत फक्त 'जीटी ७३०, ४ जीबी' असे असते. दुसऱ्या जाणकाराने सुचवलेले चार जीबीचे कार्ड याच जातीचे होते.

मी निवडले ते जीटी १०३०. हे २०१७ चे, पास्कल रचनेचे कार्ड आहे. ते ३० वॅट घेते, म्हणजे स्लॉटमधून मिळू शकणाऱ्या ७५ वॅटच्या निम्म्याहूनही कमी, आणि त्याला एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी तार लागत नाही. त्यात व्हीपी९ आणि एचईव्हीसी या दोन्ही पद्धती उलगडणारा भाग आहे आणि एचडीएमआय २.० असल्यामुळे २५६० बाय १४४० चे चित्र त्याला अगदी सहज पेलते. मात्र येथेही नावात फसगत आहे. २०१८ पासून याच नावाने डीडीआर४ मेमरी लावलेले कार्डही विकले जाते. मूळ जीडीडीआर५ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, डीडीआर४ चे कार्ड १७ जीबीच्याही आत. मुद्रिते आणि व्याख्याने यांसाठी दुसऱ्याने काम भागले असते, पण दोहोंच्या किमतीत शे-दोनशे रुपयांचाच फरक असताना तिपटीने संथ मेमरी घेणे मला पटले नाही. दुकानात खोक्याच्या बाजूवरचा बारीक मजकूर वाचून, जीडीडीआर५ ही अक्षरे स्वतः पाहूनच मी कार्ड घेतले.

या कार्डाच्या उणिवाही घरच्यांना आधी सांगितल्या. त्यात एव्ही१ ही व्हीपी९ च्या पुढची पद्धत उलगडण्याची सोय नाही. पडद्यावरचे चित्र रेकॉर्ड करताना प्रोसेसरचा भार हलका करणारा जो भाग मोठ्या कार्डांत असतो, तोही यात नाही. नातीला पुढे स्वतःचे वर्ग रेकॉर्ड करायचे असतील तर हे कार्ड मदत करणार नाही. एव्ही१ हवेच असेल तर इंटेलची आर्क ए३८० सारखी कार्डे आहेत. पण त्यांना रिसाइझेबल बार नावाची सोय असलेला बराच नवा मदरबोर्ड लागतो, आणि एच६१ च्या बोर्डावर ती नसते. जुन्या यंत्राला फार नवे कार्ड लावण्यात ही अडचण वारंवार येते: स्लॉटमध्ये कार्ड बसते, पण बोर्डाची बायॉस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी बोर्डातली प्रणाली, त्याला ओळखत नाही. जीटी १०३० जुन्या पद्धतीच्या बायॉसवरही सुरू होते, ही माझ्या निवडीमागची मोठी बाब होती. ते स्लॉटच्या १६ पैकी चारच मार्गिका (माहितीच्या वाटा) वापरते आणि या बोर्डावर त्या पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या वेगाने, म्हणजे एकूण सेकंदाला दोन जीबीने चालतात. भारी खेळांना हे तोकडे पडले असते; येथे त्याने काही बिघडत नव्हते.

संपूर्ण संगणक बदलण्याचा पहिला सल्लाही मी झटकून टाकला नाही. कार्यालयांतून निघालेले सातव्या पिढीच्या आय५ चे संगणक तेव्हा चौदा-पंधरा हजारांत मिळत होते आणि त्यांच्या अंगभूत ग्राफिक्समध्येच व्हीपी९ ची सोय असते. कोऱ्या पाटीवर विचार केला असता तर मी तोच मार्ग सुचवला असता. पण गुरुजींचे देवनागरी अक्षरजुळणीचे जुने सॉफ्टवेअर त्याच संगणकाच्या नोंदणीला बांधलेले होते, काही प्रकाशक अजूनही त्यांना जुन्या फॉन्टमधल्या फाइल पाठवत, आणि ती सगळी घडी दुसऱ्या यंत्रावर नव्याने बसवण्याची त्यांची तयारी नव्हती. वयाच्या पंचाहत्तरीत हातात बसलेली साधने मोडायला लावणे मला योग्य वाटले नाही.

वीज, धूळ आणि उन्हाळा

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते. त्याच्या लेबलावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १२ अँपिअर हा आकडा होता. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही प्रामुख्याने १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून खरा हिशेब तिथेच करायचा असतो: १२ गुणिले १२ म्हणजे १४४ वॅट. प्रोसेसरचे ६५, कार्डाचे ३० आणि बोर्ड, डिस्क, पंखे यांचे मिळून साधारण ४० धरले तर बेरीज १३५ पर्यंत जाते. कागदावर हे बसत होते. तरीही मी तो एसएमपीएस बदलायला सांगितला. त्यामागे कार्डाच्या ३० वॅटपेक्षा एसएमपीएसचे वय आणि आपल्या शहराचा उन्हाळा ही कारणे होती.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. त्यात या संगणकाची पाठ अकरा उन्हाळे खिडकीतल्या कूलरकडे होती. कूलरची ओलसर हवा धुळीला चिकट करते. ती धूळ एसएमपीएसच्या जाळीत आणि प्रोसेसरच्या हीट सिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात) नमद्यासारखी घट्ट बसली होती आणि जाळीच्या कडेला पाण्यातल्या क्षारांची पांढरी झाक दिसत होती. एसएमपीएसचा पंखा हाताने फिरवला तर अडखळत होता. मी तो डबा उघडला नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार साठलेला असतो, आणि घरगुती दुरुस्तीत तो डबा कोणीही उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टवर ३० अँपिअरहून अधिक देणारा नवा एसएमपीएस आणला. संगणकाची जागा कूलरच्या झोतातून काढून समोरच्या भिंतीला नेली.

जागा बदलताना आणखी एक गोष्ट हाती लागली. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायाने हात लावला की हलकी झिणझिणी येत असे. घरात सगळ्यांना ती माहीत होती आणि कोणी मनावर घेतली नव्हती. मल्टिमीटरने पाहिले तर पत्रा आणि जमीन यांत सुमारे शंभर व्होल्ट दिसत होते. सॉकेटला तीन भोके होती, पण अर्थिंगच्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या गाळणीतले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा पत्र्याशी जोडतात, त्यामुळे अर्थिंग नसेल तर पत्रा मुख्य विजेच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहतो. हा प्रवाह अत्यल्प असतो. पण दोन्हीकडे वीज चालू असताना एचडीएमआयची तार घातली, तर पहिला स्पर्श होताना तो कार्डाच्या नाजूक चिपमधून वाट काढू शकतो. म्हणून वायरमनकडून अर्थिंग करून घेईपर्यंत मी कार्ड खोक्यातून बाहेर काढले नाही. गुरुजींना सांगितले की तार लावताना किंवा काढताना भिंतीवरचे बटण बंद असलेच पाहिजे. हा सल्ला त्यांनी फार मनापासून घेतला, आणि पुढच्या प्रकाराशी त्याचा थेट संबंध आहे.

बसवणी

कार्ड बसवणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत लहान काम होते. कॅबिनेटच्या मागची पट्टी काढली, उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर भार उतरवला, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर तो भराभर साठतो; मग कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देत स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसवले आणि स्क्रू आवळला. पंखा नसलेले, केवळ हीट सिंक असलेले जीटी १०३० देखील मिळते आणि ते पूर्णपणे शांत असते. पण ज्या कॅबिनेटला स्वतःचा पंखा नाही आणि ज्या खोलीत दुपारी चाळीस अंश असतात, तिथे मी पंख्याचेच घेतले.

पहिल्यांदा सुरू केल्यावर नव्या मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पाटी आली. जुना मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावला तर चित्र व्यवस्थित होते. बायॉसमध्ये शिरून पाहिले. या बोर्डाच्या मूळ मांडणीत पडद्याचा पहिला मान अंगभूत ग्राफिक्सला दिलेला होता. तो बदलून कार्डाला दिला, जतन केले, आणि नव्या पडद्यावर चित्र आले. विंडोज १० ने ड्रायव्हरही स्वतःहून उतरवून घेतला. २५६० बाय १४४० निवडले, अक्षरांचे प्रमाण सव्वापट ठेवले आणि गुरुजींनी एक मुद्रित उघडले. ते बराच वेळ काहीही न बोलता वाचत राहिले आणि मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा अनुस्वार मी परवा सोडून दिला होता."

बंद पडदा आणि तीन व्होल्टचा सेल

दोन दिवसांनी सकाळी फोन आला की पडदा पुन्हा काळा आहे. मी गेलो, बायॉसमधली ती निवड पुन्हा मूळ ठिकाणी गेलेली आढळली, ती बदलून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कार्ड सदोष असावे, की बोर्डाशी त्याचे जमत नसावे, अशी शंका मला येऊ लागली आणि कार्ड परत करण्याची भाषाही घरात सुरू झाली.

उलगडा नातीच्या एका वाक्याने झाला. तिने मधल्या वेळेत जुना मॉनिटर लावून काम भागवायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "काका, ब्राउझर म्हणतंय तुमचं घड्याळ मागे आहे, आणि एकही वेबसाइट उघडत नाहीये." घड्याळात २०१२ चा जानेवारी होता. बायॉसच्या निवडी आणि घड्याळ या दोन्ही गोष्टी बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलच्या आधाराने टिकतात. तो मोजला तर तीन व्होल्टच्या जागी २.२ व्होल्ट मिळाले.

मग हे अकरा वर्षांत कधीच का जाणवले नाही? कारण भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला थोडीशी वीज पुरवत राहतो आणि तेवढ्यावर घड्याळ चालते; सेलची गरजच पडत नाही. या घरात ते बटण आजवर कधी बंद होत नव्हते. अर्थिंगच्या प्रसंगानंतर, माझ्याच सांगण्यावरून, गुरुजी रोज रात्री ते बंद करू लागले. दुबळा सेल तासभर तग धरत होता, म्हणून माझ्या समोर सगळे सुरळीत राहत होते. रात्रभराची मजल त्याला झेपत नव्हती. सकाळी बायॉस मूळ मांडणीवर परतलेली असे आणि पडद्याचा मान पुन्हा अंगभूत ग्राफिक्सकडे गेलेला असे. दहा वर्षांहून जुना संगणक हाती घेताना हा सेल पहिल्याच दिवशी मोजायला हवा होता; ती चूक माझी होती. चाळीस रुपयांचा नवा सेल घातला आणि तो प्रकार पुन्हा घडला नाही.

व्याख्यानांचे काय झाले

कार्ड बसूनही नातीचे व्याख्यान पहिल्या दिवशी आधीसारखेच अडकत होते. शोध घेतल्यावर असे दिसले की पूर्वी कोणीतरी, बहुधा अडकण्यावरचाच उपाय म्हणून, ब्राउझरच्या सेटिंगमधली हार्डवेअर अॅक्सलरेशनची खूण काढून टाकली होती. ती खूण नसेल तर ब्राउझर कार्डाला काम देतच नाही आणि सगळे पुन्हा प्रोसेसरवर येते. ती पुन्हा लावताच टास्क मॅनेजरमधला 'व्हिडिओ डीकोड' हा आलेख हलू लागला आणि प्रोसेसर शंभरावरून पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरला.

तरी काही मोजकी व्याख्याने अडकतच राहिली. 'स्टॅट्स फॉर नर्ड्‌स'मध्ये त्यांच्यापुढे एव्ही१ ची खूण होती, म्हणजे कार्डाची जी उणीव आधी सांगितली होती तीच समोर आली. यूट्यूबच्या खात्यात प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये एव्ही१ फक्त कमी प्रतीच्या चित्रांसाठी वापरावे असा पर्याय तेव्हा होता. तो निवडला की वरच्या प्रतीचे चित्र व्हीपी९ मध्ये येत असे. त्यानंतर १४४० च्या प्रतीतही चौकटी गळणे थांबले.

यानंतर आणखी चार जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडीही लावली, कारण मोठी मुद्रिते उघडायला लागणारा वेळ कार्डाने कमी होणार नव्हता आणि तसा तो झालाही नव्हता. सगळा खर्च असा: कार्ड ६,८०० रुपये, एसएमपीएस २,३००, वापरलेली रॅम ७००, एसएसडी १,६०० आणि सेल ४०, एकूण ११,४४०. अर्थिंगची मजुरी वेगळी. पंधरा हजारांच्या वापरलेल्या संगणकाशी तुलना केली तर बचत फार मोठी नाही, हे मी घरच्यांसमोर मान्य केले. त्या रकमेत गुरुजींची अक्षरजुळणीची घडी मोडली नाही, हा त्यातला माझ्या दृष्टीने खरा लाभ होता.

मे महिन्याच्या मध्यावर मी दुपारी तीन वाजता पुन्हा गेलो. खोलीत चाळीस अंश होते, कूलर चालू होता, व्याख्यान सुरू असताना कार्डाचे तापमान ६१ अंश दिसले. या कार्डाला ते निर्धोक आहे. दर दोन महिन्यांनी कॅबिनेटची जाळी कोरड्या ब्रशने साफ करण्याचे काम नातीने अंगावर घेतले आहे, आणि त्या वेळी कार्डाचा छोटा पंखा बोटाने धरून ठेवायचा, तो भरधाव फिरू द्यायचा नाही, एवढे तिला दाखवून ठेवले आहे.

त्याच भेटीत गुरुजींनी विचारले की साडेअठरा इंची जुना मॉनिटर आता रद्दीत द्यायचा का. या कार्डातून अॅनालॉग चित्र बाहेर येत नाही, त्यामुळे डीव्हीआयला साधा जोड लावून व्हीजीए मिळत नाही. पण बोर्डाचे अंगभूत ग्राफिक्स मोकळेच पडले होते. बायॉसमध्ये दोन्ही ग्राफिक्स एकत्र चालू ठेवण्याचा पर्याय होता, तो निवडला आणि जुना मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएलाच लावला. आता डावीकडच्या जुन्या पडद्यावर लेखकाची मूळ प्रत असते, समोरच्या मोठ्या पडद्यावर मुद्रित असते, आणि गुरुजी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहतात.